दहा वर्षांची हमी

टेसा वाव्राने शिडीच्या सातव्या पायरीवर पाय ठेवला, तोच शेजारच्या छपरावरून कुणीतरी म्हणालं, "तिथेच थांबा. वर नको... खालीही नको. मी आलो."

शिडी खरंच डुलत होती, म्हणून ती थांबली. तो माणूस शेजाऱ्यांच्या छपरावरून उतरला, कुंपण ओलांडून आला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा राहिला.

"या आता. शिडीचा पाय चिखलात रुतलाय, बघितलं नाहीत वाटतं."

"मला छप्पर बघायचं होतं."

"छप्पर कुठे पळून नाही जात."

खाली आल्यावर तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, हसरे डोळे — आणि बोटं निळीशार. छपरावर जिथे गार लागली असेल तिथे खडूने वर्तुळ काढायचं, म्हणजे विमा कंपनीच्या माणसाला शोधावं लागत नाही. तो खडू निळा होता. त्याचं नाव रूडी झेमन. याच गावचा, वडिलांच्या कंपनीत छपरं करणारा.

मंगळवारी नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावावर अक्रोडाएवढ्या गारा पडल्या होत्या, आणि बुधवारपासून कंत्राटदार पडत होते. परराज्यांतले ट्रक गल्लोगल्ली फिरत होते. टेसाच्या दारावर तीन दिवसांत आठ जण थाप मारून गेले. एकाने तर विम्याचा माणूस यायच्या आधीच कागद पुढे केला: सही करा, विमा कंपनी देत नाही तो तुमचा वाटाही आम्हीच भरतो. गावच्या वाचनालयात नोकरी करून हे घर तिने दोन वर्षांपूर्वी एकटीने घेतलं होतं. नको त्या माणसाला सही दिली आणि पुढच्या वर्षी छप्पर गळायला लागलं, तर तो ट्रक शोधायचा कुठे, या विचाराने तिची झोप उडाली होती.

रूडीने कागद काढलाच नाही. आधी विम्याचा माणूस येऊ दे, तीन जणांकडून अंदाजपत्रक घ्या, आणि तुमचा वाटा भरतो म्हणणाऱ्याला फाटक दाखवा, कारण तो ते पैसे तुमच्या छपराच्या खिळ्यांतून काढणार, असं त्याने सांगितलं. मग तो वर चढला, वर्तुळं काढून आला आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कॉफी पिऊन गेला. पांढऱ्या कपावर त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा राहिला. तो कप टेसाने आतून घासला, बाहेरून घासला नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर तिने सरळ साबण संपला म्हणून सांगितलं असतं.

विम्याचा माणूस आला, वर्तुळं बघून गेला, दावा मंजूर झाला. आता फक्त कंत्राटदार ठरवायचा आणि रंग निवडायचा, आणि गाडी तिथेच अडली. नमुन्यांत रंग तीनच होते, तिन्ही करडे. टेसाला ते सकाळच्या उन्हात बघायचे होते, मग संध्याकाळच्या, मग पाणी मारून. रूडी दर वेळी नमुने घेऊन हजर. त्यालाही काही घाई दिसत नव्हती. मोजपट्टी तो दोनदा तिच्याकडे विसरून गेला होता.

चौथ्या खेपेला तिने कोंबडीचं सूप केलं, खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजले, आणि जेवूनच जा म्हणाली. त्याने नमुने गोळा करायला घेतले.

"कॉफी चालते... जेवण नाही चालत. आमच्या कंपनीचा नियम आहे. ग्राहकाशी — म्हणजे — तसं काही ठेवायचं नाही."

"तसं म्हणजे कसं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने सगळंच सांगून टाकलं. त्याच्या मोठ्या भावाने एका ग्राहक मुलीशी साखरपुडा केला होता. साखरपुडा मोडला, त्याच महिन्यात तिचं छप्पर धुराड्यापाशी गळलं, आणि त्या मुलीने चर्चच्या जेवणावळींत दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या. तेव्हापासून वडिलांनी दंडकच घातला: कामाची हमी चालू आहे तोवर ग्राहक तो ग्राहकच.

"हमी किती वर्षांची असते?"

"दहा."

दहा वर्षांनी टेसा एकेचाळीस वर्षांची होणार होती. तिने सुपावर झाकण ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, "तुम्हाला स्वतःचं छप्पर दुसऱ्या कुणाला द्यायचं असतं, तर कुणाला दिलं असतं?"

खोटं बोलणं त्याला जमायचं नाही, हीच त्याची अडचण होती.

"बर्निस डोलेझलला. बाबांच्या हाताखाली शिकली. तिचा एक खिळा तिरका जात नाही. पण मी सांगितलं असं सांगू नका, लगेच चढून बसेल."

पुढच्या शुक्रवारी रूडी त्या गल्लीतून जात होता, तेव्हा टेसाच्या हिरवळीवर बर्निसच्या नावाचा फलक रोवलेला होता. वर बर्निस आणि तिची माणसं नवं छप्पर ठोकत होती. त्याचा ट्रक थांबलेला टेसाला खिडकीतून दिसला. हा फक्त कामासाठीच येत असेल तर? आपण छप्परही दुसऱ्याला दिलं आणि माणूसही घालवला, असं झालं तर?

तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"कुठे कमी पडलो, एवढंच विचारायला आलो. माझा आकडा जास्त होता?"

"नाही."

"रंग नाही आवडले?"

"तुमचाच घेतला. मधला करडा."

"मग...?"

सोमवारपासून घोकलेलं वाक्य ऐनवेळी तिला आठवेना. जे मनात होतं तेच तोंडातून आलं.

"मला तुमच्यासाठी दहा वर्षं थांबायचं नव्हतं."

रूडीने फलकाकडे पाहिलं, वर पाहिलं, मग तिच्याकडे. कान पुन्हा लाल.

"म्हणजे तुम्ही माझ्या ग्राहक नाही."

"नाही. म्हणून तर सूप केलंय."

त्याने पायपुसण्यावर बूट पुसले. गरजेपेक्षा बराच वेळ पुसले. टेबलावर त्याच्या जागी तो पांढरा कप होता. निळा ठसा त्याने ओळखला. त्यावर अंगठा ठेवला — बरोबर बसला. टेसाला कुठे बघावं कळेना.

"ती मोजपट्टी..." वर खिळ्यांचा एवढा दणदणाट की त्याला ओरडून बोलावं लागत होतं, "मी मुद्दाम विसरत होतो. तू शिडीवर डुलत होतीस ना, तेव्हाच मी तुझ्या प्रेमात पडलो."

शेवटच्या चार शब्दांना वरचे हातोडे नेमके थांबले.

"रूडी," वरून बर्निसचा आवाज आला, "ते पहिल्यापासून सांग. आम्हाला अर्धंच ऐकू आलं."

टेसा उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.