बॅटरी काढल्यावरही वाजणारी गाडी

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ओरेस्तेस माझा सख्खा मावसभाऊ. क्युबातल्या आमच्या सान इलारियो गावात तो बापाची जुनी अमेरिकन गाडी टॅक्सी म्हणून चालवतो.

ऑगस्टमधला मंगळवार होता. दुपारचे साडेबारा. अंधार नाही की वारा नाही, डोक्यावर रणरणते ऊन.

तीन वाजता बापाचे थडगे उघडायचे होते.

आमच्याकडे दोन वर्षांनी हाडे काढतात. घरच्यांनी ती पुसून छोट्या पेटीत भरायची. घरचे कुणी वेळेवर आले नाही, तर ती सगळ्यांच्या खड्ड्यात जातात. आईची पेटी दफनभूमीतल्या कोनाड्यात आधीच होती. "मला तिच्या शेजारी ठेव," एवढेच म्हाताऱ्या बापाने, एवेलिओने, मरताना मागितले होते.

ओरेस्तेसने किल्ली फिरवली.

...कट्.

एकच खटका. इंजिन ढिम्म.

"बॅटरी बसली असेल," धाकटा भाऊ निवाल्दो म्हणाला.

"बसली असती तर दिवे लागले असते का? बघ, लख्ख आहेत."

बॅटरीच्या टोकांवरची हिरवी-पांढरी बुरशी त्यांनी गरम पाण्याने धुतली. तारा आवळल्या.

...कट्.

स्टार्टरचा दात अडकला असेल म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलवली. मग निवाल्दो खाली शिरून हातोडीने स्टार्टर ठोकू लागला. ओरेस्तेस किल्ली फिरवत राहिला.

...कट्.

"तुझ्यावरच गेलीये," निवाल्दो खालून म्हणाला. "नुसतं हं म्हणते, उठत नाही."

दीड वाजला. आता स्टार्टर उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्याने बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. किल्ली खिशात टाकली.

आणि मग...

कट्.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

कट्... कट्... कट्.

कुणीतरी सावकाश चालावे, तसा आवाज.

ओरेस्तेसची बायको मिग्दालिया कॉफी घेऊन दारात आली होती. ती तिथेच थबकली.

"हा बाबांचा गुडघा आहे," ती म्हणाली. "उजवा. न्हाणीकडे जाताना असाच वाजायचा."

ओरेस्तेसने स्टार्टर काढून उघडला.

आधी वास आला.

जळक्या तेलाचा नव्हे. उन्हात चार दिवस पडलेल्या डुकराच्या मांसाचा.

आत ग्रीसच्या जागी पिवळट, चिकट काहीतरी होते. बोटांना लागले तेव्हा ते कोमट होते. ते नखांत शिरले. ओरेस्तेसने रॉकेलने हात घासले, पण ते निघेना. निवाल्दो भिंतीला धरून ओकला.

तोंड पुसत त्याने आत बोट दाखवले. स्टार्टरचा दांडा ज्या कडीत फिरतो, ती बुश पांढरी होती.

"ही कसली रे?"

"हाडाची. ब्राँझ मिळतंय कुठे? लेथवाल्या सेराफिनने महिन्यापूर्वी कातून दिली."

"कसलं हाड?"

"गाईचं, म्हणाला."

निवाल्दो त्याच्याकडे बघतच राहिला. "गाईचं? इथे माणूस मारलास तर एक वेळ सुटशील, सरकारच्या परवान्याशिवाय गाय मारलीस तर आत सडशील. त्याला गाईचं हाड दिलं कुणी?"

ओरेस्तेसने विचारलेच नव्हते. आमच्या गावात सुटा भाग मिळाला की कुठून आला हे कुणी विचारत नाही. जो विचारतो त्याला पुढच्या वेळी मिळत नाही.

बुश फडक्यात गुंडाळून त्याने खिशात टाकली आणि दोघे एकाच सायकलवरून सुटले. तीनला दहा मिनिटे कमी असताना पोहोचले.

थडग्यावरचे सिमेंट दोन वर्षांपूर्वीचेच होते. कुठे चीर नाही. खणणाऱ्याने ते त्यांच्यासमोर फोडले. शवपेटीही धड होती. एकेक हाड काढून त्याने पांढऱ्या चादरीवर मांडले आणि मान वर केली.

"वडिलांचा पाय कापला होता का?"

"नाही."

"मग उजवी नडगी कुठंय?"

ओरेस्तेसला स्वतःच्या हातांची किळस आली. महिनाभर, दिवसातून वीस वेळा, त्याने ती किल्ली फिरवली होती. त्याने फडके सोडले आणि ती पांढरी कडी रिकाम्या जागी ठेवली.

संध्याकाळी त्याने सेराफिनची गचांडी धरली.

"एक म्हातारा देऊन गेला," सेराफिन म्हणाला. "चादरीत बांधून. पैसेही घेतले नाहीत. उजवा पाय फरफटत होता. मला काय माहीत?"

"बाकीचं हाड कुठे आहे?"

"नऊ बुश निघाल्या. सगळ्या गेल्या."

बाप आईशेजारी पोहोचला, पण अर्धवट. तेव्हापासून ओरेस्तेस दारोदार फिरतोय. आतापर्यंत पाच बुश पेटीत पडल्या आहेत. बाकीचे गाडीवाले त्याला वेड्यात काढतात. धंद्याची गाडी कोण उघडून देणार?

मीही त्याच महिन्यात माझ्या टॅक्सीसाठी सेराफिनकडून बुश घेतली होती. हे ओरेस्तेसला ठाऊक नाही. तो माझ्याकडे येतो, कॉफी पितो, नावे विचारतो. मी माहीत नाही म्हणतो. माझी गाडी एका झटक्यात सुरू होते. ती बंद पडली तर घरात चूल पेटणार नाही.

फक्त जेवताना उजव्या, किल्ली फिरवणाऱ्या हाताला वास येतो. बायको म्हणते, साबण लावून धू.

मी धुतो. तीनतीनदा धुतो.

मग डाव्या हाताने जेवतो.