यादीतलं आठवं पुस्तक

आमच्या वाचनालयात मोठ्या मुलांचा विभाग पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला आहे. बारा ते सोळा वयाचे वाचक. परीकथा हातात दिली तर हे चिडतात, मोठ्यांची कादंबरी दिली तर यांच्या आया चिडतात. सतरा वर्षं मी हा विभाग सांभाळते आहे. दर महिन्याला एक विषय घ्यायचा आणि त्यावर सात पुस्तकं सुचवायची. पुस्तकाचं नाव, खाली दोन ओळी, शेवटी वय. यादी छापून दाराशेजारच्या फळ्यावर लावायची.

या महिन्याचा विषय होता, ‘माणूस गेल्यावर’. त्यावरून मुख्य ग्रंथपाल साहेबांशी माझं चांगलंच वाजलं.

“मुलांना एवढं रडकं कशाला? काहीतरी हसरं द्या ना,” साहेब म्हणाले.

“हसऱ्या घरातली मुलं हसरं वाचतातच, साहेब. बाकीच्यांनी कुठे जायचं?”

मी यादी लावली. खरं सांगायचं तर ती एकाच वाचकासाठी होती. माझी धाकटी बहीण आठ महिन्यांपूर्वी गेली आणि तिची तेरा वर्षांची मुलगी माझ्याकडे राहायला आली. शाळेतून आली की ती खोलीत जाते आणि दार लावून घेते. मी ती सातही पुस्तकं घरी नेऊन तिच्या दाराशी ठेवली. दार वाजवलं नाही. तिला वेळ हवा, असं सगळ्यांना सांगत होते. वेळ मला हवा होता. बहिणीचे डोळे घेऊन आलेल्या त्या पोरीसमोर बसायची माझी छाती नव्हती.

सोमवारी सकाळी फळ्यावर आठ पुस्तकं होती.

तोच कागद, तीच अक्षरं. आठव्याचं नाव ‘दाराअलीकडे’. असलं पुस्तक आमच्याकडे नाही, कधी नव्हतं. खाली लिहिलं होतं : ‘आई गेल्यावर मुलगी मावशीकडे राहायला येते. मावशी पुस्तकं आणते, दार वाजवत नाही.’ वय तेरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला माझ्या घरची परिस्थिती माहीत होती. मी तो कागद त्याच्यापुढे आपटला.

“माझ्या घरातलं दुखणं चारचौघांत टांगायला लाज नाही वाटली?”

तो आ वासून बघत राहिला. “ताई, कागद तुम्हीच दिलात. मी फक्त टाचण्या मारल्या. तेव्हाही आठच होती.”

कॉम्प्युटरवर सातच होती. मी नवीन प्रत काढली, बोट ठेवून मोजली आणि स्वतः लावली. जुनी टराटरा फाडली. दिवसभर जो समोर आला त्याच्यावर डाफरले.

मंगळवारी पुन्हा आठ. ओळी मात्र वेगळ्या : ‘मुलगी अर्धं ताट दाराबाहेर सरकवते. उरलेलं मावशी ओट्यापाशी उभ्यानेच खाते, म्हणजे कुणाला कळत नाही.’

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलीलाही ते दिसलेलं नव्हतं. कागद फाडायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्या रात्री घरी जाऊन तरी दार वाजवावं की नाही? नाही वाजवलं. कोण चेष्टा करतंय ते आधी शोधून काढू, म्हटलं. राग सोयीचा असतो. तो धरून बसलं की दुसरं काही करावं लागत नाही.

बुधवारी शाळा लवकर सुटतात. चारच्या सुमारास आमची एक नेहमीची वाचक आली. चौदा वर्षांची, दातांना तार, जिभेला अजिबात लगाम नाही. हात रिकामेच होते.

“मॅडम, आठवं वाचलं. परत मांडणीत ठेवलंय.”

“कुठल्या मांडणीत? दाखव.”

तिने दाखवलं. दोन पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट होती आणि तिथली धूळ पुसलेली होती. बाकी काही नाही.

“आत्ता तर होतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत राहिली. “तुम्ही वाचलंच नाहीये ना? न वाचता सुचवता?”

सतरा वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. कान तापले.

“शेवट काय आहे?” मी विचारलं.

“शेवट सांगायचा नसतो. तुम्हीच ओरडता आम्हाला.”

“सांग म्हटलं ना!”

ती दचकली. मग हळूच म्हणाली, “मावशी येतच नाही. ती मुलगी खूप वाट बघते. बुधवारी साडेचार वाजता वाट बघणं सोडून देते. मला इतका राग आला त्या मावशीचा!”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

जिन्यात साहेब भेटले. “निघालात कुठे? साडेचारला मीटिंग आहे.”

“खड्ड्यात गेली मीटिंग,” मी म्हणाले आणि त्यांना जवळजवळ ढकलूनच उतरले.

घर चालत अर्ध्या तासावर आहे. मी धावले. सिग्नलवर, गाड्यांवर, स्वतःवर मोठ्याने चिडत धावले. लोक वळून बघत होते.

साडेचारला दोन मिनिटं कमी असताना मी तिचं दार वाजवलं.

आत काही हललं नाही.

“मी घाबरट आहे,” मी दाराला म्हणाले. “तुझी आई गेली याचा मला इतका राग आहे, की तुझ्याकडे बघता येत नव्हतं. तुझी काही चूक नाही. दार उघड, बाळा.”

कडी सरकली.

ती बाहेर आली. केस विंचरलेले नव्हते, अंग गरम होतं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली आणि मीही रडले. मग आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मी दूध तापवलं. तिने पूर्ण पेला संपवला.

“मला वाटलं तू येणार नाहीस,” ती म्हणाली. “तिची मावशी आली नाही.”

“कुणाची?”

तिने खोलीकडे बघितलं. “त्या आठव्या पुस्तकातल्या मुलीची. हळू बोल ना. तिला ऐकू येतं.”

मी वळले. दार मी उघडंच सोडलं होतं. आता ते लागलेलं होतं.

घड्याळात पाच वाजायला आले होते.

“मावशी,” ती कुजबुजली, “आता तिच्याकडे कोण जाणार?”

आतून दार वाजलं. अगदी हळू, एकदा. मग कुणीतरी वाट बघितल्यासारखं थांबून, पुन्हा एकदा.

भाचीचे दोन्ही हात माझ्या हातात होते.