चारशे बाराच्या पुढे

एकोणीसशे शहाऐंशी साल. शहराच्या पोटातून रेल्वे न्यायचं काम चाललं होतं आणि ते कुठवर आलं हे तपासायला मला पाठवत. वय अडतीस, पायात गमबूट, डोक्यावर सारखं कपाळावर घसरणारं हेल्मेट. अजून ते दिवस आठवले की ओल्या सिमेंटचा वास येतो.

बोगद्याला आतून काँक्रीटच्या गोल कड्या बसवत जात. दिवसाला एक. कडी बसली की मुकादम तिच्यावर लाल रंगाने तारीख घालून सही करायचे. त्यांचं ते टपोरं अक्षर मला लांबून ओळखू यायचं.

त्या सोमवारी अहवालात कड्या होत्या चारशे बारा. मी मोजल्या, चारशे सोळा भरल्या.

इंजिनिअर हसले. "मॅडम, काम कमी भरलं म्हणून पुष्कळ बोलणी खाल्लीत. जास्त भरलं म्हणून पहिल्यांदाच!"

मुकादमांना घेऊन मी पुन्हा आत गेले. चारशे तेराव्या कडीवर मंगळवारची तारीख, पुढचीवर बुधवारची. उद्या-परवाच्या तारखा, आणि रंग खडखडीत वाळलेला. सही त्यांचीच.

शेवटच्या दोन कड्यांवर गुरुवार आणि शुक्रवार. नाव मुकादमांचं, पण अक्षर किरटं, मागे झुकलेलं.

"हे तुमचं?"

"नाही, ताई."

"गुरुवारी तुमच्या जागी कोण येणार आहे?"

"माझ्या जागी? मी जिवंत असेपर्यंत ब्रश कुणाला देतोय होय!"

ते हसायला गेले. जमलं नाही.

मी शेरा मारला : मोजमाप जुळत नाही, काम थांबवावं. इंजिनिअर तणतणले, पण काम त्याच दिवशी थांबलं. गुरुवारीही बोगद्यात कुणी उतरलं नाही.

संध्याकाळी मी मुकादमांच्या घरी गेले. धडधाकट होते. माझा जीव भांड्यात पडला.

"या, बसा," ते म्हणाले. "आपण कोण?"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

शनिवारी पुन्हा मोजणी झाली. कड्या चारशे बारा.

माझी बदली झाली. इंजिनिअर बढती घेत घेत वरपर्यंत गेले, गेल्या वर्षी वारले. मुकादम ऐंशी वर्षं जगले.

त्यांची मुलगी मागच्या महिन्यात भेटली.

"त्या आठवड्यापासून बाबा डाव्या हाताने लिहायला लागले," ती म्हणाली. "आईने कधी काही विचारलं नाही. ती फक्त माझ्या खोलीत झोपायला आली. आतून कडी लावून."