शून्य पूर्णांक छप्पन्न

मतमोजणीच्या दिवशी 'किती मतं पडली' असं आता कुणी विचारत नसे. 'किती भार पडला' असं विचारत. मांडवखडक मतदारसंघात मात्र त्या दिवशी दोन्ही प्रश्न फिरत होते, कारण कुंदा घोलपला मतं पडली होती अठ्ठावन्न हजार, भाऊसाहेब ढमाल्यांना एक्कावन्न हजार, आणि निवडून आले होते ढमाले. तेही शून्य पूर्णांक एकतीसनं. एका अख्ख्या माणसानं हरली असती तर एक वेळ चाललं असतं हो, पण ही बाई माणसाच्या तिसऱ्या हिश्श्यानं पडली!

भारित मतदानाची ही तिसरी विधानसभा. कल्पना तशी साधी होती. बटण दाबणारं प्रत्येक बोट सारख्या खात्रीनं दाबत नाही. कुणी मनापासून दाबतं, कुणी कुणाच्या धाकानं, कुणी आदल्या दिवशी मिळालेल्या पाकिटाला जागून. मग बटणाखाली एक पातळ पट्टी बसवली. ती बोटाचा वेग, कंप आणि घाम मोजून निश्चयांक काढी, म्हणजे मतामागच्या खात्रीचा आकडा, शून्य ते एक. तेवढाच त्या मताचा भार. विकत घेतलेली मतं पहिल्याच निवडणुकीत पिसासारखी हलकी निघाली आणि सगळ्या राज्यानं टाळ्या वाजवल्या. कुंदानंही वाजवल्या होत्या.

ती जनावरांची डॉक्टर. ताप दोनदा पाहिल्याशिवाय औषध लिहायचं नाही, हा तिचा शिरस्ता. पहिल्यांदा जे वाटलं ते बाजूला ठेवून गाईचं पोट पुन्हा चाचपायची आणि कितीदा तरी पहिलं निदान स्वतःच खोडायची. लोकांनी तिचं नावच पाडलं, दोनदा डॉक्टरीण. याच नावाच्या जोरावर बोरुडेमामांनी तिला उभं केलं. मामा तिच्या प्रचाराचे प्रमुख, तीस वर्षं याच कामात मुरलेले. दाबशाळाही तेच चालवत. दाबशाळा म्हणजे बोट न अडखळता बटण कसं दाबायचं ते शिकवणारा वर्ग. सगळ्याच पक्षांचे असले वर्ग गावोगाव भरत. मामांनी गावंच्या गावं शिकवून काढली. उमेदवाराला तेवढं शिकवायचं राहिलं, कारण ती आपली उन्हातान्हात दारोदार हिंडत होती.

निकालानंतर ती तडक मोजणी केंद्रात गेली. तिथे डॉक्टर अन्वर तांबोळी बसले होते, ही पट्टी बनवणाऱ्यांपैकी एक. कुणालाही फक्त स्वतःच्या मताचा भार पाहता येई. कुंदानं आपला पाहिला. शून्य पूर्णांक छप्पन्न.

तिला आधी हसू आलं, मग तिनं आकडा पुन्हा एकदा वाचला. स्वतःलाच तिनं जेमतेम अर्धं मत दिलं होतं. तिचा तिच्यावर पुरता विश्वास असता तर ती आमदार झाली असती.

पट्टी बिघडली होती का, असं तिनं विचारलं. तांबोळींनी पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ सरळ जात होती आणि बटणाच्या जरा अलीकडे तिला एक बारीक खाच पडली होती. निर्णय घेताना मेंदू दोन्हीकडची वजनं टाकत असतो, एक पारडं पुरतं खाली गेलं की बोट सरळ जातं, नाहीतर क्षणभर अडतं, असं त्यांनी समजावलं. ही खाच म्हणजे ते अडणं.

कुंदाला त्या खाचेत काय होतं ते नेमकं आठवलं. सोजरबाई होती. पूर्वेकडे पाट आणायचं वचन कुंदानं दिलं होतं, आणि भर सभेत सोजरबाईनं उठून विचारलं होतं, पाट गायरानातून गेल्यावर आमची शेरडं कुठं चरायची? बटणावर बोट नेताना तोच प्रश्न आडवा आला होता.

"सर, मी घाबरले नव्हते," ती म्हणाली. "मी विचार करत होते."

"यंत्राला शंका कळते, मॅडम. ती भीतीची की विचाराची, ते नाही कळत. आम्हाला ते मोजायला जमलंच नाही."

तिच्यातल्या डॉक्टरला राहवेना. तिनं विचारलं, सभागृहात बसलेल्यांचे स्वतःचे निश्चयांक किती असतात? नावं ते सांगणार नव्हते, पण सरासरी त्यांनी सांगितली. पहिल्या निवडणुकीत ऐंशी शतांश, दुसऱ्या वेळी नव्वद, आता अठ्ठ्याण्णव. शंका येणारे गळत चाललेत, असं म्हणून ते चष्मा पुसत बसले.

अंतर एकापेक्षा कमी असलं की दोन्ही उमेदवारांना आपापलं मत एकदा पुन्हा दाबायची मुभा होती. याला फेरदाब म्हणत. ढमाल्यांचा आकडा, ते स्वतःच सांगत सुटले होते त्याप्रमाणे, आधीच पुरता एक होता, त्यांना गरजच नव्हती. कुंदाला सत्त्याऐंशी शतांशांच्या वर जायचं होतं, आणि हातात सहा दिवस होते.

आपण हे करावं का, हा प्रश्न तिला पहिल्या दिवशी फार छळत होता. निवडून आलीस तर गायरानाचंही बघशील, हरलीस तर काय बघणार, असं मामांनी तिच्या गळी उतरवलं. मग सकाळ-संध्याकाळ दाबशाळा सुरू झाली. मामा एकेक शब्द टाकत. गायरान म्हटलं की तिनं डोळ्यांपुढे पाण्यानं भरलेला पाट आणायचा. शेरडं म्हटलं, पाट. सोजरबाई म्हटलं, पाट. चौथ्या दिवशी सोजरबाईचा चेहरा आठवायला कष्ट पडू लागले आणि कुंदाला हलकं वाटलं, अगदी बरं वाटलं.

सातव्या दिवशी तिनं सर्वांसमक्ष बटण दाबलं. शून्य पूर्णांक त्र्याण्णव. सहा शतांशांनी कुंदा घोलप आमदार झाली. गुलाल उडाला, मामा रडले. तांबोळींनी तिला नवी रेघ दाखवली, सरळसोट, कुठे खाच नाही. ते अभिनंदन म्हणाले, पण हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सोजरबाई उभी. आमदारकीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं, काखेत धापा टाकणारी शेळी होती. कुंदानं शेळीकडे पाहिलं आणि लगेच औषध लिहून दिलं. पोटफुगी.

सोजरबाई चिठ्ठी घेऊन जागची हलेना.

"ताई, परत एकदा बघता का?"

"कशाला? पोटफुगीच आहे."

सोजरबाईनं चिठ्ठी कनवटीला लावली. शेळीला पदरात घेऊन पायऱ्या उतरली. ती फाटकापाशी पोचल्यावर कुंदाचं लक्ष टेबलाकडे गेलं. थर्मामीटर डबीतच होतं. तिनं ते एकदाही काढलं नव्हतं.

हाक मारावी का, असं मनात येतंय का, याची ती वाट पाहत राहिली. काही आलं नाही.