द्वितीय संबंध

भाऊंनी मला शाई कालवायला सांगितली ती श्रावणातली एक साधी दुपार होती. भाऊ म्हणजे माझे सासरे, हरिश्चंद्र खोत. रेडीच्या अलीकडे आमचं गाव. खोती सरकारजमा होऊन तीन वर्षं झाली होती, पण गावातला माणूस अजून अंगणाबाहेर वहाणा काढूनच आत यायचा. कचेरीतून कागद आला होता. जमिनीवर हक्क सांगायचा तर मूळपुरुषापासून आजपर्यंतची वंशावळ पाहिजे, स्वच्छ अक्षरात, भाद्रपद संपायच्या आत.

"तुजा अक्षर बरा आसा म्हणतत," भाऊ म्हणाले. "नीट लिव. एक नाव सुटाक नको."

माझे वडील सावंतवाडीला शाळामास्तर होते. ते गेल्यावर काकांनी मला पोसलं, आणि पोसलं हे रोज सांगितलं. वैशाखात खोतांचं स्थळ आपण होऊन आलं, कसली मागणी न करता. "नशीब काढलंस गो," काकू म्हणाली. मलाही तेच वाटलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपण कशासाठी पसंत पडलो याची फार चौकशी करावीशी वाटत नाही.

जुनी वंशावळ बाळंतिणीच्या खोलीतल्या पेटीत होती. खोलीला खिडकी नाही. भर दुपारी कंदील घेऊन बसावं लागे. बाहेर कौलांवर पाऊस, दूर बंदरावर मचव्यात खनिज ओतल्याचा खडखडाट, आणि आत ओव्याच्या धुरीचा वास. बाळंतिणीला शेक देताना शेगडीवर ओवा-शेपा टाकतात, तो. त्या खोलीत शेवटचं बाळंतपण माझ्या नवऱ्याच्या जन्माचं, सव्वीस वर्षांपूर्वी झालेलं. वास मात्र आज सकाळचा होता.

मी लिहीत गेले. प्रत्येक पिढीत थोरला मुलगा, आणि त्याखाली दोन ओळी. प्रथम संबंध भागीरथी, निर्वंश. द्वितीय संबंध अन्नपूर्णा, पुत्र एक. प्रथम संबंध येसू, निर्वंश. द्वितीय संबंध लक्ष्मी, पुत्र एक. पहिल्या दोघी-तिघींचं वाईट वाटलं. पाचवीला, खरं सांगते, हसू आलं. एवढं मोठं घराणं, आणि बायका सांभाळता येत नाहीत! सात पिढ्यांत पहिली एकही टिकलेली नव्हती. हसत हसतच मी शेवटचं नाव लिहिलं, गुरुदास. गुरुदास माझा नवरा. त्याच्याखाली लिहायचं होतं, प्रथम संबंध सत्यवती.

सत्यवती हे माझं लग्नातलं नाव.

लेखणी ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं नाव कागदावर नुकतंच लिहिलं होतं. द्वितीय संबंध रुक्मिणी.

"आई, भाऊंची पयली बायको कशान गेली?"

त्यांनी खडा वेचला, बाजूला ठेवला. "काय एक झाला नाय तिका. पाणी प्याली, आडवी झाली, उठूक नाय."

"आणि आजेसासूबाईंच्या आधीची?"

"तीव तशीच." त्यांनी गळ्यातला सवतीचा टाक पदराबाहेर काढला. मेलेल्या पहिलीचा मुखवटा कोरलेली चांदीची चपटी चकती असते ती. दुसरीने आयुष्यभर घालायची. अंगठ्याने तो पुसत त्या शांतपणे म्हणाल्या, "पयली ह्या घरात रवणा नाय. पितरांचो पयलो म्हाळ येवच्या आधी जाता. दुसरेक झील होता. मी दुसरी, म्हणान हयसर तांदूळ निवडतंय."

मग सूप झटकून त्यांनी विचारलं, "पाणी कसा लागता गो तुका, आमच्या बावडेचा?"

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. समुद्र जवळ, म्हणून सगळ्या आळीचंच तसं. "मचूळ," मी म्हटलं.

"बरा," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही.

नागपंचमी झाल्यावर मसुऱ्याहून लवू नावाचे एक गृहस्थ आले. बरोबर त्यांची मुलगी मथुरा, सतरा वर्षांची, गोरी, हसताना तोंडावर हात धरणारी. मोठे बागायतदार होते. सासूबाईंनी स्वतः तिच्या पानात मोदक वाढले. मी आले तेव्हा मला कुणी खोबऱ्याची वडीही पुढे केली नव्हती.

पाणी पिऊन मथुराने तोंड वाकडं केलं. "वैनी, ह्या कसला पाणी? मिठागरातला?" मग ती माझ्या मागोमाग त्या अंधाऱ्या खोलीत आली. कागदावरची अक्षरं बघत राहिली. "माका लिवक येना नाय. माझा नाव लिवन दाखवशात?"

मी चिठोऱ्यावर तिचं नाव लिहिलं. दोनदा गिरवूनही दिलं. तिने ते चोळीत जपून ठेवलं, आणि आपल्या डोक्यातली अबोलीची वेणी काढून माझ्या केसांत माळली. कुणी माझ्या केसांना हात लावून तीन महिने झाले होते.

बाहेर ओटीवर भाऊ लवूंना सांगत होते, "आता घाई नको. म्हाळ होवंदे. तुळशीचा लगीन झाला काय बार उडवून टाकूया."

"पण आदली सून…" लवू दबकत म्हणाले.

"ती तवसर नसतली."

मथुराने ते ऐकलं नाही. ती कंदिलाच्या उजेडात हाताच्या सावलीचा ससा करून बघत होती. मी ऐकलं. काही न मागता मला का केली ते तेव्हा कळलं. पहिली म्हणून चांगल्या घरची मुलगी कोण खर्ची घालणार?

गुरुदास रेडीला खनिजाच्या हापिसात कारकून. शनिवारी घरी यायचा, शर्टावर लाल धूळ. स्वभावाने गरीब, कुत्र्यालाही हाड म्हणायचा नाही. मी त्याला विचारलं, "तुमका ठावक होता?"

तो बूट काढून धूळ झाडू लागला.

"चला, जावया आपण. मुंबयक जावया."

"खंय जातलंव?" तो म्हणाला. "आणि गेल्यान काय कागद बदलतलो?"

मग त्याने मला आणलेल्या बांगड्या दिल्या. काचेच्या. सोन्याच्या कशाला करायच्या, नाही का?

चतुर्थीच्या आधी गंगाराम सोनार आला. सासूबाईंनी मला ओटीवर उजेडात बसवलं. मला वाटलं, गौरीसाठी काही दागिना करत असतील. त्याने चांदीचा पत्रा मांडीवर घेतला, माझ्याकडे बघून खिळ्याने रेघा मारू लागला.

"नाक जरा बसका आसा," तो म्हणाला.

"आसा तसा काढ. शोभा करूची नाय हा."

"हनवटीवयलो तीळ घेव?"

"घे. वळखूक येवक व्हयी."

मी उठले नाही. उठून कुठे जाणार होते? टक टक टक, छोट्या हातोडीने माझी हनवटी उमटत गेली. काम झाल्यावर सासूबाईंनी त्याला चहा दिला, आणि तांब्याभर पाणी माझ्यापुढे ठेवलं.

मी प्यायले. शहाळ्यासारखं गोड होतं.

"कसा लागता?"

"मचूळ," मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या रोजपासून मला तहान लागू लागली. भात गिळवेना, पाणी तेवढं हवंसं वाटे. घोटाघोटाला गोडी वाढत होती. बाळंतिणीच्या खोलीत बसले की शेगडी फुंकल्याचा आवाज यायचा, फू… फू… आणि शेगडी तर पोटमाळ्यावर उपडी घातलेली. म्हाळाला अकरा दिवस होते.

घरची एक रीत भाऊंनी मला सांगितली होती. नवी वंशावळ देवाऱ्यापुढे एकदा मोठ्याने वाचतात, जुनी समुद्रात सोडतात. वाचलं की झालं. त्यानंतर पुढे भर पडते, पण लिहिलेल्यात काना-मात्राही बदलायची नाही. आणि माझ्या नावाची ओळ अजून कोरी होती.

मी लेखणी बुडवली. गुरुदासच्या नावाखाली लिहिलं, प्रथम संबंध चंद्रभागा. अशी बाई जगात कुठे नव्हती; मी मनाने काढली. शाई कागदावर ठरेना. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी गोळा झाली, घरंगळली, खाली चटईवर पडली. कागद कोरा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच. खोटी बाई त्या कागदाला चालत नव्हती.

मग मी काय केलं ते सांगते. माझ्यावर दया करू नका, त्या पोरीवर करा. एक नाव मला नुकतंच गिरवायची सवय झाली होती. तिची अबोली सुकून उशाशी पडलेली होती. मी अडखळलेही नाही. लिहिलं, प्रथम संबंध मथुरा, लवू यांची कन्या, मौजे मसुरे, निर्वंश. कागदाने शाई घटाघटा ओढून घेतली. खाली लिहिलं, द्वितीय संबंध सत्यवती.

संध्याकाळी दिवेलागणीला भाऊ देवाऱ्यापुढे बसले. समईच्या उजेडात वाचू लागले. एक एक पिढी, खणखणीत आवाजात. सासूबाई हात जोडून उभ्या. पाऊस थांबला होता, त्यामुळे कौलावरून निथळणारा थेंब न् थेंब ऐकू येत होता. "…गुरुदास. प्रथम संबंध म… मथुरा…" तोंडातून गेलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी थांबायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण जीभ वाचतच राहिली. "…निर्वंश. द्वितीय संबंध सत्यवती."

भाऊंनी ओळीवरून बोट फिरवलं.

"शाई सुकली?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"सुकली," मी म्हटलं.

सासूबाईंनी जोडलेले हात सोडले. "रांडे…" एवढंच म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मचूळ, खारट, घशाला लागणारं. तांब्या संपेपर्यंत प्यायले.

चौथ्या दिवशी मसुऱ्याचा माणूस आला. मथुराला कसला आजार नव्हता. दुपारी आईकडे पाणी मागितलं, म्हणाली, "आये, किती गोड गो आज." आडवी झाली. मूठ घट्ट मिटलेली होती. उघडली तर आत चिठोरं, तिचं नाव दोनदा गिरवलेलं. कुणाला वाचता येईना, म्हणून तो माणूस भाऊंना दाखवायला घेऊन आला होता. भाऊंनी माझ्याकडे दिलं. मी वाचून दाखवलं.

त्या वर्षी म्हाळाला भाऊंनी तिच्या नावाचा पिंड वेगळा ठेवला. गुरुदासने तीन दिवस दाढी केली नाही. मला बघून उठून जायचा. सासूबाईंनी गंगारामला परत बोलावलं. चांदी वाया कशाला घालवायची? त्याने कानशीने हनवटीवरचा तीळ तेवढा घासला, आणि तो टाक त्यांनी स्वतः माझ्या गळ्यात बांधला. आज मी घालते ती माझी सवत बसक्या नाकाची आहे.

मार्गशीर्षात मला दिवस राहिल्याचं कळलं, तसं घराचं वागणं बदललं. मला मोदक वाढू लागले. सोन्याच्या बांगड्या आल्या. आषाढात त्याच खोलीत मी बाळंत झाले. मुलगा झाला. द्वितीय संबंध, पुत्र एक. ती ओळ भाऊंनी स्वतः लिहिली.

सुईण संध्याकाळी हात धुऊन गेली. सासूबाई त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाहीत, शेक देण्यापुरत्याही नाहीत; ती खोली पयल्यांची, म्हणतात. दार लोटून घेतलं आणि मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेगडी नुकती कुणी फुंकल्यासारखी लाल होती, माझ्या पायांवरचं पांघरूण नीट खोचलेलं होतं. बाळ शेजारी पोट भरल्यासारखं झोपलं होतं. त्याला मी अजून अंगावर घेतलंच नव्हतं. माझं दूध दाटून चोळी भिजली होती.

आता तो तीन महिन्यांचा आहे. चांगला गुटगुटीत. दिवसभर माझ्याजवळ पितो, पण दिवे लागले की तोंड फिरवतो. कितीही वेळ जवळ धरला तरी घेत नाही. रडतही नाही. पोट टम्म असतं, मुठी सैल पडलेल्या. आणि ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत असतं, अजून ऊन.