दीड वितीचा वड

“झाडाला दिवसातून तीनदा पाणी. मला सकाळपासून कुणी चहा तरी विचारलाय?”

हे भिंतीकडे बघून पुटपुटले, पण ऐकवायचं मलाच होतं. ह्यांची खुर्ची आणि माझं शिलाई मशीन यांत हातभर अंतर. आमच्या घरात मनातलं बोलणंसुद्धा शेजारच्याला ऐकू जातं.

“झाडाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला दिलंय.”

“त्याचं नशीब.”

तो जानेवारी होता. सुप्याच्या एका कारखान्यात हे सव्वीस वर्षं स्टोअरला होते. दिवाळीनंतर एक दिवस कंपनीच्या बसमधून उतरले आणि नगरला सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगचे दोन जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी इको काढला आणि पेनानं कागदावर एक मोठं वर्तुळ काढून दाखवलं. “सूर्यभानरावांचं हृदय वाढलंय. छातीत मावेनासं झालंय. पंपिंग बावीस टक्के.” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तीस वर्षं मी ह्यांना कोत्या मनाचा माणूस म्हणत आले होते. त्याचं हे उत्तर मिळालं.

बोन्साय आणला धनश्रीनं, आमच्या मुलीनं. ती पुण्याला नोकरीला असते. “आई, तू नुसती पप्पांच्या छातीकडे बघत बसतेस. वर होते का, खाली होते का. दुसरं काहीतरी बघ.” दीड वीत उंचीचा वड, उथळ निळ्या ट्रेमध्ये. खोड अंगठ्याएवढं, एकच पारंबी, दोऱ्यासारखी बारीक. मी तो मशीनशेजारच्या टेबलावर, पूर्वेच्या खिडकीशी ठेवला.

माझ्या सासूबाई, गोजरबाई, पाथर्डीकडच्या. उभं आयुष्य कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या; कशाला भिणाऱ्या नव्हेत. त्यांनी त्या झाडाला लांबूनच हात जोडले.

“वड घरात न्हाई ठेवत, राजेसरी. त्याला लई जागा लागती.”

“आत्याबाई, हा एवढाच राहतो. म्हणून तर शंभर-शंभर वर्षं टिकतो म्हणतात.”

“एवढासा राहून?” त्या म्हणाल्या. “मंग त्यो जगतो, का त्याला जगवत्यात?”

ब्लाउज शिवायला मी कुणाकडे शिकले नाही. जुने उसवून, नवे बिघडवून शिकले. बोन्सायचंही तेच. मोबाईलवर एक कोल्हापूरकडचे गृहस्थ सापडले, त्यांचे व्हिडिओ मी काज-बटण करता करता ऐकायचे. पण त्यांचा ‘पाणी बेतानं’वाला व्हिडिओ माझ्या नजरेस उशिरा पडला. तोवर मी रोज पाणी घालत होते. पानं पिवळी पडून गळायला लागली. मातीत बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

त्याच आठवड्यात ह्यांचे पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

मी झाडाचं पाणी तोडलं. डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली. आठ दिवसांत माती कोरडी झाली आणि सूजही उतरली. श्रेय मी गोळीला दिलं. देणारच ना, मी काही खुळी नाही.

एप्रिलमध्ये पहिली छाटणी केली. वरची फांदी फार पुढे आली होती. धागे तोडायची माझी छोटी कात्री घेतली, देवाचं नाव घेतलं आणि टक्कन कापली. पांढरा चीक आला. फडक्यानं टिपला. संध्याकाळी बघते तर हे खुर्चीत नाहीत. गेट वाजलं म्हणून खिडकीतून डोकावले, तर हातात मेथीची जुडी घेऊन हे वर यायला निघालेले. वर आले तरी धाप नाही. मी पाणी द्यायला वाकले, तेव्हा त्यांच्या मानेला चिकाचा वास आला. कच्चा, हिरवा, घशात चिकटणारा. म्हटलं, माझ्याच हाताला असेल.

पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, “राजू, पँट टाचेखाली येतीय.”

ह्यांच्या सगळ्या पँटी मीच शिवलेल्या. लांबी चाळीस. मी माप घेतलं. सव्वा एकोणचाळीस भरलं. धुऊन कापड आटतं तेव्हा पँट तोकडी होते, लांब होत नाही. जुनी टेप ताणते, असं म्हणून कापडबाजारातून नवी आणली. नव्या टेपनंही तेच दाखवलं. मी खालची पट्टी उसवली, पाऊण इंच आत दुमडलं, शिवून टाकलं. ह्यांनी पँट घातली, आरशात पाहिलं आणि मला न बघता म्हणाले, “आता बरोबर आहे.”

मग वटपौर्णिमा आली. एरवी मी कॉलनीतल्या बायकांबरोबर महादेवाच्या देवळामागच्या वडाला जाते. पण त्या दिवशी ह्यांना एकटं ठेवायचा धीर होईना. म्हटलं, वड तर घरातच आहे. उपास धरला, हळदकुंकू वाहिलं, आंबा ठेवला. दोरा गुंडाळायची वेळ आली तेव्हा कळलं, सुताची गुंडी आणलीच नाही. मशीनवरची पांढऱ्या दोऱ्याची रीळ काढली. टेबल भिंतीला लागून, म्हणजे फेऱ्या मारायची सोय नाही; रीळच झाडाभोवती सात वेळा फिरवली. सात जन्मांचं काम दीड मिनिटात उरकलं, म्हणून मला हसूही आलं. मग हात जोडले. मागितलं मात्र अगदी पोटातून. म्हटलं, बाकी काही नको. कसेही राहू देत, पण राहू देत.

तो दोरा कुणी सोडत नाही. बाहेरच्या वडाचा दोरा ऊन-पावसानं आपोआप कुजून पडतो. माझ्या घरात सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं, पाऊस नाही आणि पॉलिस्टर कुजत नाही. एवढं शिवणकाम करून हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला ह्यांचा श्वास तोकडा व्हायला लागला. “काय होतंय नेमकं?” विचारलं तर छातीभोवती बोट गोल फिरवलं. डॉक्टरांनी दोन गोळ्या बदलल्या. फरक नाही. एक दिवस दुपारी अंग पुसताना मी बनियन वर केलं.

छातीवर रेषा होत्या. बारीक, आत गेलेल्या, पुढून निघून पाठीवर जाऊन परत पुढे आलेल्या. बनियनला तिथे शिवण नसते. मी बोटानं मोजल्या.

सात.

मी बाहेरच्या खोलीत आले. झाडाची साल दोऱ्याच्या वर-खाली फुगली होती आणि दोरा मधोमध बुडाला होता.

“राजेसरी,” आत्याबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातली कात्री पाहिली होती. “पुनवंचा दोरा हाय त्यो.”

“माहितीये.”

त्या दारातून हलल्या नाहीत.

पहिला दोरा तुटला. आतून ह्यांचा श्वास ऐकू आला.

दुसरा.

तिसरा.

चौथ्याला आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

सातवा सालीत इतका रुतला होता की कात्रीचं टोक आत घालावं लागलं. तो तुटला आणि आतून ह्यांनी, पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो तसा, श्वास घेतला.

त्या रात्री हे पाठीवर आडवे होऊन झोपले. नऊ महिन्यांनी; एरवी उशांना टेकून, बसूनच.

मोकळं झालेलं झाड मात्र वेड्यासारखं सुटलं. रोज नवं पान. पारंबी मातीला टेकली. मी त्याला हात लावेना. वाढू दे, म्हटलं, वाढायचं तेवढं वाढू दे. सप्टेंबरात ह्यांच्या पँटीची दुमड मला सोडावी लागली. आनंदानं सोडली. आणि ऑक्टोबरात ह्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं. दवाखान्यात आठ दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “घरी घेऊन जा. ऑक्सिजन घरीच लावू. मुलीला बोलावून घ्या.”

धनश्री आली. ती पप्पांचा हात धरून बसली आणि मी बाहेर मोबाईल घेऊन. कोल्हापूरचे गृहस्थ सांगत होते: मुळांनी ट्रे भरला की झाड स्वतःलाच आवळून मरतं. एक तृतीयांश मुळं कापायची. दया दाखवायची नाही. लहान ठेवलं तरच ते जगतं.

रविवारी सकाळी मी फरशीवर पेपर पसरला. ट्रेमधून झाड उपसलं. मुळं ट्रेच्या आकाराचीच झाली होती, एकात एक गुंतून गोल फिरलेली. मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. माझ्यासमोर आत्याबाई येऊन बसल्या. सत्तराव्या वर्षीही त्यांचे पंजे पुरुषासारखे. त्यांनी खोड धरलं.

“आत्याबाई, तुम्हीच म्हणाला होतात, घरात ठेवू नये—”

“म्हनलं हुतं. आता काप. हात कचरू दिऊ नगं, एका झटक्यात काप.”

मी कापत गेले. आतल्या खोलीत अचानक टीव्हीचा आवाज वाढला. कुठलीशी मॅच होती. इतका मोठा आवाज की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. धनश्री आतून बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “पप्पांनीच वाढवला,” ती म्हणाली. “कमी करू देत नाहीयेत.”

चौथ्या दिवशी हे उठून संडासला स्वतः गेले. दहाव्या दिवशी ऑक्सिजनचा सिलिंडर परत केला.

डिसेंबरात पुन्हा इको काढला. डॉक्टर खुश. “हृदय नॉर्मल साइजला आलं, ताई! पंपिंग पंचेचाळीस. असं मी फार कमी वेळा पाहिलंय.” मग त्यांनी नर्सनं भरलेला कागद बघितला. वजन, उंची. नर्सला परत मोजायला लावलं. तिनं परत मोजून तोच आकडा सांगितला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वयानुसार थोडं होतं,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं.

त्यानंतर सगळ्यांनीच आपापली सोय लावली. शेजारच्या केशरबाई म्हणतात, “भाऊ बारीक झाले हो,” आणि बारीक हा शब्द उरकून घाईघाईनं विषय बदलतात. धनश्रीनं पुण्याहून शर्ट आणले, माप न विचारता, आणि ते बरोबर बसले. आत्याबाई ह्यांच्यासाठी वेगळी भाकरी थापतात, तळहाताएवढी. मी खुर्चीपुढे पाट ठेवला. कशासाठी, ते मला कुणी विचारलं नाही.

आता फेब्रुवारी आहे. काल शनिवार, धनश्री आलेली. दुपारी आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत होतो. झाडाला नवे कोंब आलेत, लालसर, टोकदार, पाच-सहा. मी ते सकाळीच पाहिले होते. ह्यांना सकाळपासून बारीक धाप आहे, तीही पाहिली होती.

“ऊन वाढलं नाही एवढ्यात?” धनश्री म्हणाली.

“नगरचं ऊन,” मी म्हणाले.

“औंदा लवकरच हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

तिघी झाडाकडे न बघता बोलत होतो. मधेमधे ह्यांचा श्वास ऐकू येत होता.

“पप्पा, उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?”

“डॉक्टर काय करणारेत?” हे म्हणाले. आवाज मात्र होता तेवढाच राहिला आहे. सव्वीस वर्षं स्टोअरमध्ये हाका मारून कमावलेला भरदार आवाज, त्या खुर्चीतून येतो तेव्हा अजूनही मी दचकते. “मी लहान होतोय. तुम्हाला तिघींना दिसतंय. मलाही कळतंय.”

धनश्रीनं ओढणी डोळ्यांना लावली.

“रडू नको, धनू. मला जगायचंय. राजू, कात्री घे, छाट.”

मी मशीनचा खण उघडला. कात्री हाताला लागली.

“फक्त एक कर,” हे म्हणाले. “मुळाला हात घालशील तेव्हा आधी सांगत जा. फार दुखतं गं.”