शिवणीतली माया

"ही कॉलर उलटवून मिळेल का?"

अकोथचा मशीनवरचा पाय थांबला. तिनं वर पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच नव्हती. हा आवाज ती तीन वर्षं रोज सकाळी सहाला ऐकत होती. आज सरोवरावर वारा कुठून येणार, लाटा किती उठणार, होड्या कुठवर न्याव्यात... तिचे दोन भाऊ उयोमाच्या किनाऱ्यावरून मासे धरायला जात, म्हणून किसुमू शहरात खोली घेऊन राहायला लागल्यापासून ती डोळे उघडल्याबरोबर रेडिओ लावी. निदान पहिल्या वर्षी तरी कारण तेवढंच होतं.

मग तिनं वर पाहिलं, आणि हसू कसंबसं आवरलं. एवढा भरदार आवाज, आणि माणूस बांबूसारखा! अंगावर कुणा जाडजूड परदेशी गृहस्थाचा तपकिरी कोट, खांदे पार दंडापर्यंत उतरलेले. किबुयेच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून असे कोट रोज निघत, पण ते घेणारे निदान एकदा आरशात बघत.

त्यानं शर्ट पुढे ठेवला. कॉलर घासून घासून पांढरी पडली होती.

"उलटवून देईन," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी काय कराल? कॉलरला दोनच बाजू असतात."

"पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही," तो म्हणाला. "मी फक्त उद्यापर्यंतचं सांगतो."

चिठ्ठीवर लिहायला तिनं नाव विचारलं. ओडेरा. मग त्यानं तिचं विचारलं, ते चिठ्ठीवर कुठंच लिहायचं नव्हतं तरी. अकोथ म्हणजे पावसात जन्मलेली. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला.

"आज पावसाचं काहीच चिन्ह नव्हतं," तो म्हणाला, आणि आपण हे काय बोललो याचीच लाज वाटून वळला, तो थेट टांगलेल्या पँटींच्या रांगेत शिरला. त्यातून वाट काढून तो दिसेनासा होईपर्यंत अकोथनं मशीन चालू केलं नाही. आवाज ओळखल्याचं मात्र तिनं त्याला सांगितलं नव्हतं. शेजारी जोडे विकणाऱ्या रोडामावशीनं सगळं पाहिलं, आणि चारपाच जोडे पुसून झाल्यावर म्हणाली की कॉलरचं काम एवढं गोड असतं हे तिला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी नैरोबीहून 'नवा चेहरा'ची गाडी आली. टीव्हीवरचा हा कार्यक्रम बाजारात सगळ्यांना तोंडपाठ होता. दर रविवारी एखादं गबाळं माणूस धरायचं, त्याचे जुने कपडे कॅमेऱ्यासमोर लाल पिंपात टाकायचे, केस कापायचे, नवे कपडे चढवायचे आणि शेवटी त्याच्या आईला रडवायचं. कपड्यांचं सगळं केंडी नावाची बाई बघे. डोकं तासलेलं, बोलणं मोजकं. तिला तीन दिवसांसाठी गावातला शिंपी हवा होता. बाजारभर फिरून तिनं कपडे उलटे करून आतली शिवण पाहिली आणि अकोथपाशी थांबली. काम पसंत पडलं तर पूर्ण वर्षभर बरोबर घेईन, असंही म्हणाली. मोंबासा, नाकुरू, आणि कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर नाव! अकोथनं मान हलवली, पण त्या रात्री तिला नीट झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सरोवरकाठच्या हॉटेलातल्या खोलीत ती गळ्यात टेप अडकवून उभी होती. दार उघडलं आणि आत आला ओडेरा.

झालं होतं असं की, चॅनलला संध्याकाळच्या बातम्यांत हवामान सांगायला नवा माणूस हवा होता. आवाज त्यांना ओडेराचा आवडला होता. बाकीचा ओडेरा आवडला नव्हता. म्हणून आधी त्याला 'नवा चेहरा'त घालायचं, आणि नव्या कपड्यांत तो कॅमेऱ्यासमोर नीट बोलला तर नैरोबीची नोकरी. त्याला ती मनापासून हवी होती. आपल्याकडे होड्यांना वारा कळतो, पण उत्तरेकडच्या गुरं चारणाऱ्यांना पाऊस कोण सांगतं, असं तो केंडीला समजावत होता. केंडी त्याच्या बुटांकडे बघत होती.

"हात वर करा," अकोथ म्हणाली.

त्यानं केले. छातीभोवती टेप न्यायला तिला जवळ यावं लागलं. साबणाचा वास आला, आणि थोडासा चहाचा.

"श्वास घ्या. घेतलात का?"

"तुम्ही टेप धरलीय तोवर... नीट घेता येत नाहीये."

"मग रोज सकाळी कसा घेता? 'नैर्ऋत्येचा वारा, लाटा एक मीटर, छोट्या होड्यांनी किनारा सोडू नये.'"

त्यानं मान खाली करून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही मला पहिल्याच दिवशी ओळखलंत?"

"पहिल्याच शब्दाला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही गप्प झाला असतात," ती म्हणाली आणि कागदावर आकडा लिहिला. तो चुकीचा लिहिला. पुन्हा मोजावं लागलं. दोघांचीही त्याला हरकत नव्हती.

दुपारी लाल पिंपाचा प्रसंग झाला. मला या कोटाची लाज वाटते, एवढं एकच वाक्य ओडेरानं म्हणायचं होतं. त्यानं कोटाच्या बाहीवरून हात फिरवला आणि त्या भरदार आवाजात सांगितलं की या कोटानं तीन वर्षं पहाटेच्या गारठ्यात मला सांभाळलं, त्याचे आभार. केंडीनं चार वेळा पुन्हा म्हणायला लावलं. चारही वेळा तो तेच म्हणाला. कॅमेऱ्यामागे अकोथ इस्त्री हवेत धरून तशीच उभी राहिली होती.

नवा कोट गडद निळा होता. केंडीला तो अगदी अंगाला चिकटलेला हवा होता, आणि अकोथनं रात्रभर बसून तसाच शिवला. दुसऱ्या दिवशी ओडेरा तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा खोलीतले सगळेच हातातलं काम टाकून बघू लागले. अकोथनं उगाच त्याच्या खांद्यावरचा नसलेला दोरा काढला.

मग त्याला सराव म्हणून हवामान वाचायला सांगितलं, आणि गळ्यातून एक बारीक, चिरका आवाज निघाला. पुन्हा वाचलं. पुन्हा तसाच. तो घाबरलाय, उद्या होईल ठीक, असं केंडी म्हणाली. पण अकोथनं त्याची छाती मोजली होती. हा माणूस पोटातून बोलायचा. बरगड्या फुलल्याशिवाय त्याचा आवाज उठत नसे, आणि कोटानं त्या बांधून टाकल्या होत्या. तिनं तसं सांगून पाहिलं. कोट बोटभर जरी सैल केला तरी पडद्यावर पोतं दिसेल, कोटाला हात लावायचा नाही, असं केंडीनं बजावलं. फक्त बाहीची बटणं पक्की करायला तिनं तो अकोथकडे दिला.

ऊन कलायच्या आत अकोथ कोट घेऊन बाजारात आली. रोडामावशीनं तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि जोडे आवरता आवरता म्हणाली, "मग हात लावू नकोस की. तुझं कामही राहील आणि तोही इथंच राहील. उद्या आवाज फसला की परवा आपल्या रेडिओवर."

 हा विचार मावशीच्या आधी अकोथच्या मनात येऊन गेला होता, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. तिनं कोट उलटा केला. सवयीनं तिनं दोन्ही बाजूंना आणि पाठीत दोन-दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, ठेवली होती. कापड आखडतं घ्यायला तिला कधी जमलंच नव्हतं.  मग तिनं ब्लेड घेतलं आणि पहिला टाका उसवला.

सकाळी केंडीनं कोटाच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला आणि तिला कळलं. हे कुणी केलं, असं तिनं विचारलं. मी, अकोथ म्हणाली. केंडी ओरडली नाही. टेप ठेवून जा म्हणाली, मजुरी फोनवर येईल, पुढचं काम विसर. दुसरा कोट शिवायला वेळ नव्हता आणि हाच घट्ट करायलाही. अकोथ जिना उतरली तेव्हा वर दिवे लावत होते. पुढचं तिला काही दिसलं नाही.

दुपारी सरोवरावरून ढग चढून आले तेव्हा बाजारात एक रुबाबदार गृहस्थ शिरला. रोडामावशीनं त्याला काळे बूट दाखवायला घेतले, मग त्याचा आवाज ऐकला आणि बूट तिच्या हातातच राहिले.

ओडेरा अकोथच्या मशीनसमोर येऊन उभा राहिला. पहिल्याच वाचनाला काम झालं होतं. सोमवारी नैरोबीत हजर व्हायचं होतं. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मग कोटाची कड उलटी करून तिला दाखवली. तिथं सुईच्या भोकांची जुनी ओळ होती.

"इथं आधी शिवण होती."

"होती."

"का उसवलीस?"

कालपर्यंत तो तिला अहो-जाहो करत होता. तिनं बॉबिनमधला दोरा उगाच ओढला. "तुम्हाला दम लागत होता."

"नसती उसवलीस तर मी गेलो नसतो."

"माहीत होतं."

"मग?"

"घुसमटलेला माणूस जवळ ठेवून मी काय करू?"

 त्यानं कोटाची उलटी कड पुन्हा पुन्हा बोटांत घोळवली. पत्र्यावर दोनचार थेंब वाजले.

"मला तू आवडतेस, अकोथ," तो शेवटी म्हणाला. "हे मी टेप लावलीस त्या दिवसापासून पाठ करतोय. आणि काल आवाज निघत नव्हता ना... त्याला सगळाच काही कोट कारण नव्हता."

अकोथनं मान खाली घातली, पण हसू लपेना. त्यानं विचारलं, नैरोबीला येशील का? तिनं नाही म्हटलं. दोन मुली तिच्या हाताखाली शिकत होत्या, आणि तीन वर्षांनी ही जागा तिच्या नावावर झाली होती. एका कोटापायी ती हे सोडणार नव्हती. असं ती म्हणाली आणि आता तो निघून जाईल म्हणून वाट पाहत राहिली.

"मग मी येईन," तो म्हणाला. "दर शनिवारी."

"सात तासांचा रस्ता आहे."

"आहे."

"आणि मुसळधार पाऊस असला तर?"

"ते मला सगळ्यांच्या आधी कळेल."

ती खळखळून हसली. मग त्याच्या कोटाची उलटी कड तिनं स्वतःच्या हातानं सरळ केली, आणि हात लगेच मागे घेतला नाही. "ये," ती म्हणाली. "मी वाट बघेन तुझी."

सोमवारी तो गेला. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती चहाच्या टपरीवरच्या टीव्हीसमोर बाजारातल्या बायकांबरोबर उभी राहायची, आणि उत्तरेकडच्या पावसाचं ऐकायची. कोटाबद्दल कुणी काही बोललं तर तिचे कान तापत.

शनिवारी सकाळी तिनं स्वतःला बजावलं की आज कुणी येणार नाही. पहिलाच आठवडा, नवी नोकरी, माणूस दमला असेल. अकरापर्यंत तिनं एकच शिवण तीन वेळा घातली आणि तीन वेळा उसवली. नंतर एक बाई लग्नाच्या झग्याचं माप द्यायला आली, तेव्हा कुठं तिचं चित्त थाऱ्यावर आलं.

बाईचे हात वर, अकोथच्या तोंडात टाचण्या, आणि समोर कपड्यांच्या रांगा बाजूला सारत तो आला. डोळे जागरणानं लाल, खांद्याला पिशवी, अंगावर चुरगळलेला साधा शर्ट.  ती मोकळी होईपर्यंत थांबायचं म्हणून तो मशीनशेजारच्या खोक्यावर बसला, आणि बसल्या बसल्या तिच्याकडे बघत राहिला.

बाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अकोथकडे. "घरचे का तुमच्या?"

अकोथनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"अजून नाही," ती म्हणाली.